थांबलेल्या दुचाकीलाही दिवा द्या

प्रति,
ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड्स समितीचे सर्व सदस्य,
द्वारा ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), कोथरूड, पुणे

माहितीसाठी : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय आणि दुचाकी बनवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : प्रत्येक दुचाकीला हजार्डचं बटण सक्तीचं करणं आणि जुन्या गाड्यांना ते बसवण्यासाठी अधिकृत वाट मोकळी करणं

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

कराडच्या बाजूला माझं दुचाकींच्या वायरिंगचं दुकान आहे. आपण कोथरूडच्या टेकडीवर गाड्यांची जी मानकं लिहिता, ती काही वर्षांनी वायरींच्या जुडग्याच्या रूपात माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे तुमचा-आमचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. हे पत्र एका बटणाबद्दल आहे. चारचाकीत डॅशबोर्डवर लाल त्रिकोणाचं जे बटण असतं, दाबलं की चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकतात, ते. कुणी त्याला हजार्ड म्हणतं, कुणी पार्किंग लाईट, आमच्याकडे येणारी पोरं ‘चारी साईड’ म्हणतात.

मुद्दा एकच आहे. दुचाकीच्या दिव्यांचे आपले जवळजवळ सगळे नियम धावणाऱ्या गाडीचा विचार करतात. बंद पडून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाडीचा विचार त्यात फारसा नाही.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. सुरुवातीला लोक चिडले. भर दुपारी समोरचा हातवारे करून ‘दिवा चालू राहिलाय’ असं सांगायचा. पण नियम चांगला आहे आणि मी गिऱ्हाइकांशी भांडून त्याची बाजू घेतलेली आहे. काहीजण तो बंद करायचं बटण बसवून मागतात, त्यांना मी परत पाठवतो. आता हीच गाडी रात्री बंद पडली तर काय होतं ते बघा. रस्त्यावर आजही सगळ्यात जास्त दिसणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या जुन्या गाड्यांत हेडलाईट आणि मागचा लाल दिवा थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) कॉईलवर चालतो. इंजिन फिरतंय तोवर उजेड. प्लग गेला, पेट्रोल संपलं किंवा उतरलेली चेन चढवायला इंजिन बंद केलं, की पुढचा-मागचा दोन्ही दिवे एकदम जातात. बीएस-सहाच्या, म्हणजे २०२० पासूनच्या नव्या प्रदूषण नियमांच्या, गाड्यांत बराचसा भाग बॅटरीवर आलाय, पण चावी काढली की तिथंही अंधारच. म्हणजे भर उन्हात धावणाऱ्या गाडीला दिवा सक्तीचा, आणि अमावस्येला खांबाशिवायच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या त्याच गाडीला दिव्याची सक्ती नाही.

मॅग्नेट बंद असतानाही जिवंत राहतात अशा गोष्टी त्या जुन्या गाडीवर मोजक्याच : हॉर्न, ब्रेकलाईट आणि इंडिकेटर. कारण त्या बॅटरीवर आहेत. म्हणून लोक काय करतात? एकजण चाकाशी बसतो आणि दुसरा मागच्यांना दिसावं म्हणून ब्रेकचा लिव्हर दाबून उभा राहतो. एकटा असला तर उजवा इंडिकेटर चालू ठेवतो. मागून येणाऱ्याला वाटतं की हा उजवीकडे वळतोय, म्हणून तो डावीकडून, म्हणजे थेट त्याच्या अंगावर काढतो. हल्ली मोबाईलचा टॉर्च आला आहे, तो दातात धरून प्लग बदलणारे मी पाहिलेत. ट्रकवाल्यांची पद्धत जुनीच आहे, मागे दगड मांडायचे आणि झाडाची फांदी टाकायची. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथंच राहतात, आणि त्या दगडांवर रात्री येऊन आदळतो तो बहुतेक वेळा दुचाकीवालाच.

चारचाकीबरोबर कंपनी परावर्तक त्रिकोण देते. मोटारसायकलवर तो ठेवायचा कुठे? सीटखाली टूलकिटची पिशवीच जेमतेम मावते. तेव्हा दुचाकीला त्रिकोणाची जागा घेऊ शकेल अशी एकच गोष्ट आहे, आणि ती गाडीवर आधीपासून लावलेली आहे. चार बल्ब, वायरी, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी), सगळं कंपनीनेच दिलंय. नाही ते मुख्यतः एक बटण.

हे काही नवं तंत्र नाही. होंडाच्या सीबी हॉर्नेट १६०आरला २०१८ साली ते आलं, टीव्हीएसच्या एनटॉर्कच्या रेस एडिशनला २०१९ मध्ये आणि रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला बीएस-सहाबरोबर २०२० मध्ये. या गाड्या चांगल्या आहेत, पण त्या कोण घेतं ते बघा. शनिवार-रविवारी कास पठारावर जाणाऱ्या मुलाच्या गाडीला हजार्ड आहे. पहाटे साडेतीनला मंडईत भाजी नेणाऱ्याच्या, रात्रपाळी सुटल्यावर एमआयडीसीतून गावाकडे निघालेल्याच्या, किंवा जेवणाचे डबे आणि पार्सलं पोचवणाऱ्याच्या गाडीला बहुतेक वेळा नाही. जो अंधारात सगळ्यात जास्त असतो त्याच्याच गाडीवर कंपनीने बटणाचे पैसे वाचवले. समृद्धी महामार्ग आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद आहेत हे बरंच आहे. त्याचा अर्थ असा की दुचाकी राहते ती जुन्या हायवेवर, राज्यमार्गावर आणि घाटात. तिथं उजेड कमी, कडेची पट्टी कमी आणि मदतीची गाडीही कमी.

आमच्या भागात ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. साखर कारखाने आणि आरटीओ मिळून दरवर्षी त्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, फोटो छापून येतात. गरजेचंच आहे ते. ट्रॉलीवर मागून आदळलेल्या गाड्या माझ्याकडेही येतात, हेडलाईट चेपलेला आणि वायरिंग तुटलेली. पण त्याच रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली मोटारसायकल घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी अशी मोहीम कधी निघाल्याचं मला माहीत नाही. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. तिथं घाटाच्या वळणावर चेन चढवायला बसून बघा.

आकडे आपल्याकडे माझ्यापेक्षा चांगले असतील. मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्या वर्षीचे महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. धडकेच्या प्रकारांत मागून धडक हा प्रकार सगळ्यात मोठा, एकूण अपघातांच्या २१ टक्क्यांहून थोडा जास्त. यात चालत्या गाड्याही आल्या. हजार्डच्या बटणाने हे सगळे वाचले असते असं म्हणणारा माणूस मी नाही. मागच्याला पुढचं वेळेवर कळलं नाही हे मात्र त्या प्रत्येक धडकेत थोडंफार असतंच.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो, कारण खरी गंमत आणि खरा धोका तिथं आहे.

कंपनी देत नाही म्हणून लोक हजार्ड बाहेरून बसवून घेतात. नीट बसवायचं तर काम सोपं आहे. फ्लॅशरमधून बाहेर पडणारी वायर हजार्डच्या बटणावर आणायची, तिथून दोन डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) एक फाटा डाव्या आणि एक उजव्या इंडिकेटरला द्यायचा. डायोड नको असतील तर दुहेरी संपर्काचं बटण लावायचं, म्हणजे बटण बंद असताना डावी आणि उजवी बाजू एकमेकींपासून पूर्ण तुटलेल्या राहतात. सुटे भाग शंभर-दीडशे रुपयांचे. त्याच्या जोडीला चार बल्ब पेलणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा लागतो, कारण मूळचा जुना फ्लॅशर एका वेळी दोन दहा-वॉटच्या बल्बांसाठी केलेला असतो. त्याच्यावर चार लादले की ठेका बिघडतो, भरभर तरी लुकलुकतो नाहीतर पेटलेलाच अडकतो. मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा हा आपलाच नियम, तो असा मोडतो.

बहुतेक ठिकाणी मात्र काम होतं ते असं : साधं दोन टोकांचं बटण आणायचं, डाव्या-उजव्या वायरी सोलून त्या बटणाशी एकत्र पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची. डायोड नाही, काही नाही. हजार्ड लागतं. गिऱ्हाईक खूष. दुसऱ्या दिवशी डावीकडे वळताना त्याने डावा इंडिकेटर दिला की चारही लागतात, कारण दोन्ही बाजू आता कायमच्या जोडलेल्या आहेत. त्याला ते हँडलवरून कळतही नाही, मागच्याला मात्र कळेनासं होतं की हा वळतोय की थांबतोय. सुरक्षेसाठी म्हणून केलेल्या कामात गाडीचा होता तो इशारा पण गेला.

असाच दुसरा प्रकार एलईडीचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरवर इंडिकेटरचा एकच छोटा दिवा असतो. तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये बसवलेला असतो, आणि विरुद्ध बाजूच्या बल्बांमधून त्याला अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळते. जुन्या बल्बांना इतक्या थोड्या करंटने काही होत नाही. पण पोरं ऑनलाईन मागवून एलईडी लावतात, आणि त्या थोड्या करंटवरही एलईडी पेटते. एक बाजू दिली की चारही लुकलुकतात. हजार्डचं बटणच नाही आणि हजार्ड मात्र कायम चालू! अशी गाडी महिन्यातून एकदा तरी येते, आणि प्रत्येक वेळी मालकाचं म्हणणं एकच असतं, की ‘बल्ब सोडून दुसरं काहीच बदललं नाही’. खरंच बदललेलं नसतं.

काहीजण करंट थेट बॅटरीवरून घेतात, म्हणजे चावी काढली तरी हजार्ड चालावं. विचार बरोबर आहे, पण मध्ये फ्यूज टाकत नाहीत. ती वायर टाकीखाली फ्रेमला घासून घासून सोलली की एक दिवस वायरींचं सगळं जुडगं (हार्नेस) वितळतं. शिवाय बटण हँडलवर उघडं असतं. गाडी बाजारात लावून मालक आत गेला की येणारं-जाणारं पोर ते दाबून जातं. चार दहा-वॉटचे बल्ब म्हणजे चाळीस वॉट, पेटलेले असताना साधारण सव्वातीन अँपियर, निम्मा वेळ विझलेले धरले तर सरासरी पावणेदोनच्या आत. साध्या गाडीची बॅटरी अडीच ते पाच अँपियर-अवरची. कागदावर दोनेक तास, आणि बॅटरी जुनी असली तर मालक भाजी घेऊन येईपर्यंत ती संपलेली असते.

आणि मग बाजारात मिळणारे ते झगमगते मॉड्यूल. दहा तऱ्हांनी लुकलुकणारे, पोलिसांच्या गाडीसारखे लाल-निळे होणारे, डोळ्यांत टोचणारे. ते आमच्या दुकानात बसवून मिळत नाहीत. पुढच्या चौकात मिळतात, ही अडचण आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मालकाला गाडीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. मला त्यावर तक्रार नाही. सायलेन्सर बदलून गावाची झोप मोडणाऱ्यांना आवर घालायलाच हवा. पण मूळच्याच चार बल्बांना एकत्र लावणारं एक बटण कुठल्या खात्यात मोडतं, हे गिऱ्हाइकाने विचारलं तर मी काय सांगू? सर्व्हिस सेंटरवाला वायरीला हात लावलेला दिसला की वॉरंटी नाही म्हणतो. उद्या गाडी जळाली तर विम्याचा माणूस आधी माझीच टेप शोधणार. जो माणूस विचारून, पैसे खर्चून नीट काम करू पाहतो तो या भीतीने मागे हटतो, आणि न विचारणारा पुढच्या चौकात जातो.

हजार्ड दिलं तर लोक त्याचा वाटेल तसा वापर करतील, हा आक्षेप मी आधीच मान्य करतो, कारण तो खरा आहे. चौकातून सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणारे मोटारवाले आपण रोज बघतो. बोगद्यात, पावसात, लग्नाच्या वरातीत, आणि रायडर क्लबच्या रांगेत तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे चारी साईड लावून चाललेले असतात. अशा वेळी कोण लेन बदलतोय हे मागच्याला कळायचा काही मार्ग राहत नाही. पण यावर उपाय बटण न देणं हा नाही. गाडीला आता वेग कळतो. एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत चाकावर सेन्सर आहे, बीएस-सहाच्या गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आहे. ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर हजार्ड आपोआप बंद पडेल असं मानकातच लिहा. मात्र ती मर्यादा फार खाली आणू नका. आमच्याकडे बंद पडलेली गाडी दुसरा मोटारसायकलवाला मागून फूटरेस्टला पाय लावून ढकलत गॅरेजपर्यंत आणतो. ते चूक की बरोबर हा वाद नंतर, पण त्या वेळी पुढच्या गाडीला हजार्डची जितकी गरज असते तितकी क्वचितच कधी असते. ताशी पंचवीस-तीसपर्यंत तरी ते चालू राहायला हवं.

चावीचंही असंच. चावी चालू असतानाच हजार्ड लावता यावं, पण एकदा लावल्यावर चावी काढली तरी ते चालू राहावं. म्हणजे बाजारातलं पोर ते लावू शकणार नाही, आणि मालकाला गाडी सोडून पंक्चरवाल्याकडे चालत जायचं असलं तर चावी गाडीतच अडकवून जावं लागणार नाही. किंमत जास्त असलेल्या काही गाड्यांत हे आत्ताच असं आहे. बॅटरी एका पातळीच्या खाली उतरली की बंद व्हावं, म्हणजे दुरुस्तीनंतर गाडी निदान सुरू तरी होईल. बऱ्याच नवीन गाड्यांना कारखान्यातूनच एलईडी येत असल्याने तिथं हा बॅटरीचा प्रश्न तसाही निम्म्याहून कमी झालाय.

एक गोष्ट हजार्डने सुटणार नाही, तीही सांगून टाकतो. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावणाऱ्याचे मागचे इंडिकेटर किटल्यांमागे झाकलेले असतात. सिलिंडर, चाऱ्याचा भारा, पार्सलची मोठी पिशवी, सगळ्यांचं तेच. त्यांना बटण देऊन उपयोग नाही, किटलीला परावर्तक पट्टी लावायला लावा. त्यासाठी मानकाचीसुद्धा गरज नाही, दूध संघाने मनावर घेतलं तरी पुरे.

खर्चाचं कारण कंपन्या पुढे करतील. १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस किंवा सीबीएस (पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय) आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. दोन्ही वेळा गाड्या महागल्या, लोक कुरकुरले आणि तरीही घेत राहिले. त्यापुढे हँडलच्या बटणपेटीत आणखी एक बटण आणि हार्नेसमध्ये दोन वायरी हा खर्च बोलण्यासारखाही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला आडोसा लावायला सांगितला आहे, धरायला मूठ सांगितली आहे. ज्यांनी तो नियम लिहिला त्यांनी दुचाकीवर बसणारी माणसं पाहिलेली होती. तशीच नजर बंद पडलेल्या गाडीकडे टाका, एवढंच मागणं आहे.

तेव्हा नव्या गाड्यांना हजार्ड सक्तीचं करा, शंभर सीसीपासून. जुन्या गाड्यांसाठी तपासून मान्यता दिलेला, वायर न कापता मूळ कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) बसणारा संच बाजारात येऊ द्या, आणि तो बसवणं म्हणजे फेरफार नव्हे असं मंत्रालयाकडून एका परिपत्रकात लेखी येऊ द्या. ते परिपत्रक मी दुकानात फ्रेम करून लावीन, विम्यावाल्याला आणि सर्व्हिस सेंटरवाल्याला दाखवायला.

सक्ती व्हायला वर्षं जातात हे मला कळतं. समित्या बसतात, मसुदा निघतो, हरकती येतात, मुदतवाढ मिळते. तोवर निदान एक गोष्ट कंपन्यांना आजच सांगता येईल. फ्लॅशरची एक आणि डाव्या-उजव्या इंडिकेटरची एकेक, अशा तीन वायरी सीटखाली एका बंद कपलरमध्ये आणून सोडा, आणि मालकाच्या पुस्तिकेत त्यांचे रंग छापा. पुढचं काम आमच्यासारखे लोक टेपला हात न लावता करतील.

कळावे,

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
कराड, जि. सातारा